बिनमोजणीचा माल



२३ सप्टेंबर २०२०. राज्यसभेच्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी देशातल्या समद्या कामगारांना बांधणारी तीन विधेयकं आवाजी मतदानानं पास झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेवरची सुरक्षितता. आठ खासदार निलंबित, बाकीचे विरोधक बहिष्कारावर. १९ला लोकसभेत मांडली, २२ला तिथं पास, २३ला इथं पास, २८ला राष्ट्रपतींची सही. संसदेच्या समितीनं जुने मसुदे तपासले होते, हे खरं. पण ते मागं घेऊन नवे आणले होते. आदल्याच दिवशी या सभागृहानं साडेतीन तासांत सात विधेयकं उरकली होती. उरकली, हाच शब्द बरोबर. आपल्याकडं मयत उरकतात तशी.

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो, पण पोट गोणीवर आहे. गोदीत माल उतरायला लागला की टॅली क्लार्क वही घेऊन उभा राहतो. नगागणिक रेघ ओढतो. मोजल्याशिवाय गोणी पुढं सरकत नाही.

राज्यसभेतली रीत काय? लोकसभेतून विधेयक येतं. चर्चा होते, मग कलमामागून कलम, दुरुस्त्या, आणि शेवटी विचारतात, बाजूचे 'हो' म्हणा, विरोधातले 'नाही' म्हणा. ज्याचा आवाज मोठा, त्याचा कायदा. कुणी 'मोजा' म्हणालं तर मतविभागणी होते, कुणी काय मत दिलं ते कागदावर येतं. पण म्हणणारा जागेवर पाहिजे. २० सप्टेंबरला शेतीच्या विधेयकांवर 'मोजा' म्हणून गदारोळ झाला. मागणारे जागेवर नव्हते, असं उपसभापतींचं म्हणणं. मोजलं नाही. २३ला तर मागणारे बाहेरच होते. रिकाम्या बाकाचा दोष त्याच्यावर बसणाऱ्याच्याही माथी आहेच.

त्या मालात होतं काय? गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा १९८६चा कायदा मोठ्या संहितेत विरघळून गेला. संपाला १४ दिवस आधी नोटीस, तीही सगळ्या उद्योगांना. आधी ही अट सार्वजनिक सेवांपुरती होती. कारखान्याला टाळं लावायची परवानगी १०० कामगारांपासून घ्यावी लागायची, ती आता ३००पासून. परराज्यात जाणाऱ्या मजुरांचा १९७९चा कायदा ५ मजुरांपासून लागू व्हायचा, आता आकडा १०. हदगावातून सात-आठ जणं हैदराबादेत एखाद्या लहान बांधकामावर गेली आणि तिथं बाहेरचे तेवढेच असले, तर या आकड्यात ती बसतच नाहीत.

म्हणतील, अधिवेशन संपत होतं. कोरोना होता, १ ऑक्टोबरपर्यंतचं कामकाज आठ दिवस आधी गुंडाळावं लागलं. बरं. बोट अडली की डेमरेज चढतं, म्हणून शेवटच्या पाळीत मुकादम ओरडतो, ते मला समजतं. कायद्याला कसलं डेमरेज? राज्यघटनेचं १०७वं कलम काढून बघा. अधिवेशन संपलं म्हणून विधेयक मरत नाही. पुढच्या अधिवेशनात ते तसंच जिवंत असतं. राज्यसभा तर कधी विसर्जितच होत नाही. मग घाई कामून? आणि इतक्या घाईनं उतरवलेला माल लागू झाला कधी? २१ नोव्हेंबर २०२५ला. पाच वर्षं गोदामात पडून. ज्या सरकारला पाच वर्षं थांबता आलं, त्याला भरल्या सभागृहात चर्चा ऐकायला चार महिने थांबता आलं नसतं?

उलटंही पाहा. १७ डिसेंबर २०१२ला राज्यसभेनं बढतीतल्या आरक्षणाचं विधेयक २०६ विरुद्ध १०, असं मोजून पास केलं. लोकसभेत ते पडून राहिलं. २०१४ला लोकसभा विसर्जित झाली, तसं मेलं. जानेवारी २०१९ला मात्र अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी वगळून बाकीच्या गरिबांच्या दहा टक्क्यांसाठी राज्यसभेचं अधिवेशन एक दिवस वाढवलं. दोन दिवसांत दोन्ही सभागृहं पार. म्हणजे वेळ नसतो असं नाही. कुणासाठी काढायचा, हे आधीच ठरलेलं असतं.

१९३८ला मुंबईच्या विधिमंडळात संपाचा हक्क आवळणारं विधेयक आलं. बाबासाहेब सभागृहात त्याच्याविरुद्ध भांडले आणि ७ नोव्हेंबरला बाहेर संपही घडवला. आत आणि बाहेर, दोन्हीकडं लढाई. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, तेव्हा २९ नोव्हेंबर २०२१ला त्याच संसदेनं शेतीचे कायदे मागं घेतले. तेही चर्चेविना, एका दिवसात!

महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ खासदार. ते आमदारांच्या मतांवर जातात. हदगावचा आमदारही त्यात मत टाकतो आणि त्या आमदाराला आपण निवडतो. तो दारात आला की रस्ता-नालीबरोबर एवढं इचारा, तुम्ही पाठवलेला माणूस कामगाराच्या विधेयकाला बाकावर असतो का? असला तर 'मोजा' म्हणतो का? संहिता मराठीत मिळवा. विहारात, मजुरांच्या नाक्यावर मोठ्यानं वाचा. कामगाराचा कायदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, न मोजता, उतरवायचा नाही. ही आपली मागणी.