ऊसतोडणीची उचल व तिचें ओझें

दसरा सरला कीं बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इत्यादि जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात, आणि कृष्णा, नीरा, भीमा व प्रवरा यांच्या कांठच्या शिवारांत त्यांच्या खोपी उभ्या राहतात. हें दृश्य आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचें आहे. परंतु या टोळ्या आपल्या बांधावर येऊन पोहोंचण्यापूर्वीं तीन-चार महिने अगोदर, म्हणजे ऐन पावसाळ्यांत, त्यांच्यापायीं किती पैसा बाहेर पडलेला असतो, तो कोणाच्या नांवावर काढिलेला असतो व तो बुडाला तर कोणाच्या सात-बारावर बोजा चढतो, याचा विचार ऊस लावणाराही सहसा करीत नाहीं. तोच विषय आम्ही या अंकीं वाचकांपुढें मांडीत आहों. कारण शेतकऱ्याच्या बिलाचा प्रश्न व तोडणी-वाहतूक कंत्राटदाराच्या कर्जाचा प्रश्न हे वरवर दोन दिसले, तरी मुळाशीं ते एकच आहेत, असें आमचें मत आहे.

ही व्यवस्था कशी चालते तें प्रथम थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तोडणीचे मजूर कारखाना बहुधा स्वतः ठेवीत नाहीं. तो ट्रॅक्टर किंवा ट्रक बाळगणाऱ्या कंत्राटदाराशीं करार करितो. हा कंत्राटदार पुष्कळदां त्याच पंचक्रोशींतील ऊसकरी शेतकरी असतो. त्याला कारखान्याकडून, अथवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून, आगाऊ रक्कम मिळते. हीच उचल. कंत्राटदार ती मुकादमाला देतो व मुकादम ती टोळींतील कोयत्यांना वांटतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचें एक जोडपें. पुढें हंगामांत जितके टन ऊस तुटेल तितक्या मजुरींतून उचल वळती करून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. पैसा तीन हातांतून खालीं उतरतो. पण बँकेच्या दप्तरीं कर्जदार म्हणून नांव राहतें तें बहुधा एकट्या कंत्राटदाराचें.

आतां या व्यवहारांत तोल कोठें जातो तें पाहूं. एकाच मुकादमानें दोन-दोन, तीन-तीन कंत्राटदारांकडून उचल घ्यावी व हंगाम तोंडावर आला असतां एकाकडेच टोळी न्यावी, किंवा कोणाकडेच नेऊं नये, असे प्रकार कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत वर्षानुवर्षें घडत आले आहेत. हातीं मुद्रांकावर केलेला करारनामा असतो, धनादेशही असतो. परंतु परजिल्ह्यांत जाऊन त्याच्या आधारें वसुली करणें म्हणजे एका हंगामाच्या नुकसानीसाठीं पुढचे चार हंगाम कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणें होय. इकडे गाळप सुरू झालेलें असतें. ट्रॅक्टर दारांत उभा करून चालत नाहीं. त्याचा हप्ता थांबत नाहीं. मग दुसरी टोळी शोधावयाची, तिला दुसरी उचल द्यावयाची, आणि ही दुसरी उचल बँकेच्या दरानें मिळत नसल्यामुळें ती खाजगी सावकाराच्या दरानें आणावयाची. ट्रॅक्टर घेऊन चार पैसे जोडावे म्हणून या धंद्यांत उतरलेला मनुष्य असे दोन हंगाम वांकडे गेले कीं जमीन विकावयास निघतो.

याखेरीज दुसरा एक धोका आहे, व त्यांत कोणाचीच लबाडी नाहीं. कंत्राटदाराचें उत्पन्न टनावर आहे, त्याचें कर्ज टनावर नाहीं. २०२१-२२ च्या हंगामांत महाराष्ट्रांत सुमारें १,३२० लाख टन उसाचें गाळप झालें. ऊस संपतां संपेना. कित्येक कारखान्यांचीं धुराडीं जून उजाडेपर्यंत चालू राहिलीं, आणि १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसास उतारा घटल्याबद्दल टनामागें २०० रुपयांचें अनुदान सरकारला जाहीर करावें लागलें. तो भरभराटीचा हंगाम पाहून पुष्कळांनीं नवीं वाहनें घेतलीं. पुढें पाऊस कमी-अधिक झाला, लागण घटली, आणि २०२४-२५ च्या हंगामांत गाळप सुमारें ८५० लाख टनांवर आलें. तीन वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक घट! टोळीला दिलेली उचल तीच, ट्रॅक्टरचा हप्ता तोच, चालकाचा पगार तोच. ओढावयाचा ऊस मात्र तेवढा राहिला नाहीं. टोळीचीही उचल फिटली नाहीं, व न फिटलेली बाकी पुढील वर्षाच्या उचलींत चढली.

कारखान्याची बाजूही पाहणें न्यायाचें आहे. केंद्र सरकार उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरवितें. तो २०१८-१९ च्या हंगामास दहा टक्के उताऱ्यावर टनास २,७५० रुपये होता. २०२४-२५ साठीं सव्वादहा टक्के उताऱ्यावर ३,४०० रुपये व २०२५-२६ साठीं ३,५५० रुपये ठरला. हें योग्यच झालें; खतें, डिझेल व मजुरी यांचे भाव ज्या गतीनें चढले त्या मानानें ही वाढ फार नव्हे. परंतु साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्यें किलोस ३१ रुपये झाला तो २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंत तेथेंच राहिला. सव्वादहा टक्के उताऱ्यानें एक टन उसापासून १०२.५ किलो साखर निघते. ३१ रुपयांनीं तिची किंमत ३,१७७ रुपये ५० पैसे होते. म्हणजे किमान दरानें धरिल्यास साखरेच्या साऱ्या किंमतींतून एकट्या उसाचें देणेंही भागत नाहीं. बाजारांत साखर या दराच्या वर विकली जाते, आणि मळी, वीज व इथेनॉल यांचेंही उत्पन्न आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. पण त्या इथेनॉलवरही डिसेंबर २०२३ मध्यें ऐन हंगामांत निर्बंध आले, व ज्यांनीं कर्ज काढून आसवन्या उभारल्या त्यांचे हिशेब विसकटले. कारखान्याच्या तिजोरींत ओढाताण झाली कीं ती तेथेंच थांबत नाहीं. ती खालीं उतरत जाते.

ती उतरते कोणावर? शेतकऱ्याला निदान कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वयें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत त्याचा दर दिला पाहिजे, व विलंब झाल्यास वर्षास १५ टक्के व्याज दिलें पाहिजे. हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य सरकारनें फेब्रुवारी २०२२ मध्यें दिली होती; तो शासननिर्णय मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें रद्द ठरविला. नियम असूनही व्याज पदरांत पडणारा शेतकरी विरळा, हें खरें. तथापि भांडावयास कांहीं आधार तरी आहे. तोडणी-वाहतूक कंत्राटदाराच्या बिलाला या आदेशांत अशी मुदत नाहीं व विलंबाचें व्याजही नाहीं. त्याचें कमिशन, त्याची अनामत, त्याचें शेवटचें बिल हंगाम संपून पावसाळा लागला तरी अडकून राहतें, आणि तेव्हांच पुढच्या हंगामाच्या उचलीची वेळ येऊन ठेपते.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. तोडणी व वाहतूक यांचा खर्च कारखाना आपल्या खिशांतून करीत नाहीं. तो आपल्या उसाच्या दरांतून वजा करितो. हा खर्च टनास नऊशें रुपये धरिला तर एकरीं चाळीस टन ऊस पिकविणाऱ्याच्या बिलांतून एकरामागें छत्तीस हजार रुपये कापले जातात. ज्या कामासाठीं हे पैसे कापले, तें काम करणाऱ्यास ते वेळेवर मिळत नसतील, तर आपल्याच पैशाचा बिनव्याजी उपयोग मध्येंच कोणी तरी करीत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. यास्तव कंत्राटदाराच्या बिलाचा विलंब ही त्याची खाजगी अडचण समजून ऊसकऱ्यानें स्वस्थ बसणें रास्त नाहीं.

आणि तो स्वस्थ बसला तरी झळ त्याला लागतेच. ज्याचें बिल अडकलें आहे तो वाहनवाला खेपेमागें ‘एंट्री’ मागतो. ज्या टोळीची उचल फिटत नाहीं ती एकरावर ‘खुशाली’ मागते. नाहीं म्हणावें तर तोडपावती आली तरी फड तसाच उभा राहतो. उसाला तुरा येतो, वजन घटतें, खोडवा मागास पडतो. कित्येक शेतकरी कंटाळून फड पेटवून देतात व जळित उसाची कपात निमूटपणें सोसतात. आमचे कांहीं सभासद म्हणतील, “ज्यांनीं आम्हांस नाडलें त्यांचाच कैवार तुम्हीं घ्यावा हें नवल!” त्यांचा संताप आम्हांस समजतो. खुशाली मागणें गैरच आहे, आणि तें कोणत्याही अडचणीनें क्षम्य ठरत नाहीं. परंतु घेणाऱ्यास शिव्या देऊन ती आजवर बंद झाली नाहीं. ज्या तंगींतून ती उपजते ती तंगी दूर केल्यावांचून ती बंद होईल असें आम्हांस दिसत नाहीं.

या उतरंडीच्या तळाशीं कोयता आहे. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली. ही वाढ हक्काचीच होती. पण उचल डोक्यावर घेऊन आलेल्या जोडप्यास दर वाढला तरी घासाघीस करण्याची मोकळीक नसते. आजारी पडलें तरी खाडा परवडत नाहीं. बाळंतीण झालेली बाई महिना भरण्यापूर्वीं फडांत उभी राहते. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी नष्ट झाली. तथापि फिटेपर्यंत जागा सोडतां येत नाहीं अशी उचल व वेठ यांमध्यें अंतर किती, याचें उत्तर प्रत्येक ऊसकऱ्यानें आपल्या मनाशीं द्यावें. मुकादम पळून गेला ही कंत्राटदाराची तक्रार जितकी खरी, तितकीच टोळीला अडकवून ठेविल्याची तक्रारही खरी आहे, व दोहोंचें मूळ त्याच उचलींत आहे.

यंत्र आणलें म्हणजे सर्व प्रश्न मिटला, असें म्हणणारा एक पक्ष आहे. तोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरांत जाते. २०२३ मध्यें सरकारनें किंमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकीं जें कमी असेल तेवढें अनुदान जाहीर केलें. तरी उरलेलें कर्ज लहान नाहीं, आणि यंत्राला काम आहे तें वर्षांतून चार-पांच महिनेच. त्याला रुंद सरीची लागण व सलग मोठा फड हवा. आपलीं शेतें वीस-तीस गुंठ्यांचीं व सरी अरुंद. तशांत पाचटापोटीं वजनांतून होणारी कपात हा शेतकरी व यंत्रमालक यांमधील नित्याचा वादाचा विषय होऊन बसला आहे. यंत्र यावें, त्याला आमचा विरोध नाहीं. पण एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें घर-जमीन तारण ठेवून तें घेणें म्हणजे उचलीच्या कर्जाऐवजीं दहापट मोठें कर्ज पत्करणें होय.

तर मग करावें काय? आमच्या मतें चार गोष्टी तांतडीच्या आहेत. पहिली, तोडणी-वाहतुकीचें बिल दर पंधरवड्यास चुकतें करण्याचें बंधन कारखान्यावर असावें, व विलंबास ऊसदराप्रमाणेंच १५ टक्के व्याज असावें. दुसरी, उचलीची नोंद राज्यांतील सर्व कारखान्यांची मिळून एके ठिकाणीं व्हावी. कोणत्या मुकादमानें कोणाकडून किती उचल घेतली हें नवी उचल देण्यापूर्वीं पाहतां आलें पाहिजे. आणि रक्कम मुकादमाच्या हातीं न देतां ज्याच्या त्याच्या, व बायकोच्या वांट्याची बायकोच्या, बँकखात्यांत जमा व्हावी. ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें महामंडळ स्थापन झालेंच आहे. त्यानें व साखर आयुक्तालयानें मिळून हें काम केल्यास फसवणूक व अडवणूक या दोहोंसही एकदम आळा बसेल. तिसरी, तोडणी यंत्र गांवच्या विविध कार्यकारी सोसायटीनें किंवा दहा-वीस शेतकऱ्यांनीं मिळून घ्यावें, व लागणही त्या बेतानें एकत्र, रुंद सरीवर करावी. चौथी गोष्ट सर्वस्वीं आपल्या हातांतील आहे. कारखान्याच्या वार्षिक सभेंत आपण ऊसदर विचारतों. त्याबरोबरच तोडणी-वाहतुकीपोटीं टनास किती कापलें, त्यांतील किती दिलें, किती बाकी आहे व कां, हा प्रश्नही प्रत्येक सभासदानें उभें राहून विचारावा.

१८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं, तेव्हां सरकारनें १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा केला. पुढें १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आणि १९५० च्या सुमारास प्रवरेकांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या साऱ्या खटाटोपाचा हेतु एकच होता, कीं पीक उभें करणाऱ्यानें दुसऱ्याच्या कागदावर अंगठा उठवून जगूं नये. आज कारखाना आपला म्हणवितो, पण त्याच्या वजनकांट्यापर्यंत ऊस पोंचविणारी सारी यंत्रणा उचलीच्या कागदावर उभी आहे. पुढील हंगामाच्या उचली वांटल्या जाण्यापूर्वींच आपल्या कारखान्यांत हा प्रश्न घालावा, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे. एकदां उचल वांटली गेली कीं त्या वर्षापुरतें बोलून कांहीं उपयोग नसतो.