ओझे उचलणारा आणि ओझे मांडणारा

जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिन्याला विमानतळावर माल चढवण्याच्या कामाची भरती निघाली. जागा 2,216, तरुण हजारोंनी लोटले. बुलढाण्याहूनही पोरे आली. पगार महिना साधारण 22,500 रुपये, तोही कराराचा. हमालीत कमीपणा नाही. पण त्याच मालाभोवती आणखी एक काम असते, त्याचे नाव आम्ही धुळ्याच्या वस्त्यांत कधी ऐकले नाही: लोडमास्टर.

बैलगाडी मागे भरली की उलाळ होते, पुढे भरली की धुरजड. विमानाचेही तसेच, फक्त तिथे चूक झाली तर जीव जातात. कोणता डाग किती किलोचा, कुठे ठेवायचा, पट्टे कसे आवळायचे, तोल कुठे येतो, हे लोडमास्टर ठरवतो. हवाई दलाच्या सी-17 मध्ये दोन वैमानिकांसोबत तिसरा तोच उडतो. पाठीला ओझे नाही, डोक्याला आहे. म्हणून पगारही हमालापेक्षा वरचा.

यासाठी गणित आणि इंग्रजी हवे. आमची पोरे दहावीनंतर नेमके गणितच सोडतात! अकरावीचा अर्ज भरताना आई-बापांनी एवढे विचारावे. आणि केंद्राच्या नोकऱ्यांत 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. दाखला केंद्राच्या नमुन्यात आताच काढून ठेवा.