दोन इंचांचा सौदा कोणाच्या अंगावर?

पावसाळा तोंडावर आला की आपल्या गॅरेजवाल्या बांधवांकडे हल्ली एक नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. दाराशी जीप, नाही तर थार किंवा बोलेरो. हातात 'बॉडी लिफ्ट'चा खोक्यात आलेला संच आणि मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ. मागणी एकच : "उस्ताद, आमच्या अंगणातच या. अर्ध्या दिवसाचे काम आहे, गाडी दोन इंच उचलून द्या." मजुरी रोख मिळते, बिल कोणी मागत नाही. काम हातचे असल्याने कारागीरही पाने उचलून निघतो. या कामाचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे, असे आम्हांला वाटते.

आधी काम समजून घेऊ. ज्या गाडीची बॉडी वेगळी आणि चासी वेगळी, तिथेच हे करता येते. बॉडी रबरी माउंटिंगवर बसवून बोल्टांनी चासीला जखडलेली असते. हे बोल्ट सोडवायचे, एका बाजूने बॉडी जॅकने उचलायची, मध्ये नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे घालायचे आणि तेवढेच लांब नवे बोल्ट आवळायचे. ज्या गाडीला वेगळी चासीच नाही, तिच्यात हा प्रकार होत नाही.

ऐकायला सोपे आहे. पण बॉडी वर गेली तरी इंजिन, गिअरबॉक्स आणि टाकी चासीवर खालीच राहतात. जे जे या दोहोंना जोडते ते सारे ताणले जाते. स्टिअरिंगचा दांडा बॉडीतून उतरून चासीवरच्या बॉक्सला मिळतो, तो अपुरा पडतो. ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, डिझेल भरण्याच्या तोंडाचा पाइप आणि अर्थिंगची पट्टी यांना ओढ बसते. गिअरचा दांडा फरशीत रुततो. रेडिएटर बॉडीला जखडलेला असेल तर पंख्याचे पाते त्याच्या आवरणाला घासते. दोन इंचांच्या ठोकळ्याबरोबर अशी सात-आठ कामे येतात. व्हिडिओत ती भरभर उरकलेली दिसतात, अंगणात मात्र एखादे राहून जाते.

राहिलेले काम त्याच दिवशी दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. ताणलेली ब्रेकची नळी गावच्या रस्त्यावर टिकते आणि घाटाच्या उतारावर फुटते. ठोकळ्याऐवजी कोणी वायसरांची चळत लावतो, कोणी लाकडाचा तुकडा घालतो, कोणी बाजारातला मऊ बोल्ट ठोकतो. बॉडीचे आणि आत बसलेल्या माणसांचे सारे वजन त्याच बोल्टांवर असते. गाडी केवळ जॅकवर उभी करून खाली शिरणे तर जिवाशी खेळ आहे. घोडी लावल्याशिवाय कोणत्याही शागिर्दाला गाडीखाली जाऊ देऊ नये.

बरे, एवढे करून गिऱ्हाइकाला मिळते काय? त्याची समजूत अशी असते की गाडी आता दगडांवरून सहज जाईल. पण डिफरन्शियल चासीखाली ॲक्सलवर असते. बॉडी उचलली म्हणून ते जमिनीपासून तसूभरही वर जात नाही. फायदा इतकाच की मोठे टायर बसायला जागा होते. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर ॲक्सल एकच इंच उचलला जातो. वजनाचा तोल वर सरकतो, त्यामुळे वळणावर गाडी अधिक कलते. मोठ्या टायरांमुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कोण सांगणार? ज्याला ती ठाऊक आहे त्या कारागिरानेच सांगायला हवी.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आर.सी. बुकातली नोंद जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बांधणीच्या नियमांविरुद्ध फेरफार करणाऱ्या डीलरला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. आमचा डीलरशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण याच कायद्याच्या व्याख्येत गाडी दुरुस्त करण्याचा धंदा करणाराही डीलरमध्ये मोडतो. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या मजुरीसाठी कारागीर लाखाचा धोका पत्करतो. अपघात झाला आणि विमा कंपनीने फेरफाराकडे बोट दाखवले, तर मालक प्रथम कोणाचे नाव घेईल हे सांगायला नको.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी असलेल्या गाडीचे हे काम घेऊ नये. अंगणात जाऊन, बिलाशिवाय तर मुळीच नाही. स्पर्धेच्या बंदिस्त मार्गापुरतीच ठेवलेली, ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही काम आपल्या गॅरेजातच करावे. काय बदलले, कोणत्या जोराचे बोल्ट लावले, हे बिलावर लिहावे. सारे बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत.

मग रोजी बुडेल, अशी भीती नको. कित्येक जुन्या जीपांची माउंटिंगची रबरे वर्षानुवर्षांच्या चिखलपाण्याने कुजलेली असतात. बॉडी एका बाजूला बसते, दरवाजे नीट लागत नाहीत, पत्र्याला तडे जातात. ती रबरे बदलणे हे जवळजवळ तेच काम आहे : तेच बोल्ट, तेच जॅक, तेच कसब. फरक एवढाच की गाडी मूळ मापात राहते आणि कायद्याचा अडथळा येत नाही. उंची मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला खाली वाकून कुजलेले रबर दाखवा. चासीला गंज लागला असेल तर तोही दाखवा. शंभरातले सगळे ऐकणार नाहीत, पण जे ऐकतील ते पुढच्या पावसाळ्यातही तुमच्याकडेच येतील.

मुंबईत जीपची जोडणी स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरू झाली. तेव्हापासून या गाड्या चालत्या ठेवण्यात आपल्या कारागिरांचा मोठा वाटा आहे. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारापासून आखाती देशांतल्या गॅरेजांपर्यंत कोकणातल्या, मराठवाड्यातल्या पोरांनी याच हुन्नरावर घरे उभी केली. हे नाव "जमत नाही" म्हटल्याने जाणार नाही. जमत असूनही नको ते काम नाकारणारा उस्ताद गिऱ्हाइकाच्या कायम लक्षात राहतो. गाडी दोन इंच उंच झाली नाही तर कोणाचे अडत नाही. तुमच्या हातून गेलेली गाडी घाट उतरून सुखरूप घरी पोहोचली पाहिजे, एवढे मात्र प्रत्येकाने पाहावे.