उत्तम शेती, म्हणण्यापुरती!

दहावीचा निकाल लागला की पालक माझ्या खोलीत येतात. प्रश्न ठरलेला : “सर, नोकरीच्या दृष्टीने कोणता विषय बरा?” मुलगा शेजारीच उभा असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

माळव्यातल्या आम्हा मराठी मंडळींना नोकरीचे हे वेड पवारांच्या पदरी राहून जडले, असे माझे स्पष्ट मत आहे. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत, तसेच धारला, कोणी कारकून तर कोणी शिलेदार होते. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. जिला पिढ्यान्‌पिढ्या ‘पक्की’ म्हटले, त्या नोकरीचा धनीच गेला! आम्ही शिकलो काय? तर आता नवा धनी शोधा!

आणि इकडे आमच्या टोंकखुर्दचा शेतकरी पाहा. कूपनलिका आटत चालल्या होत्या. १९९० साली तर देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी आवाहन केले : जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. हाती असलेली जमीन बुडवायची, आणि तीही पावसाच्या भरवशावर! ज्यांनी हे धाडस केले त्यांचा रब्बी हंगाम उभा राहिला. त्या तळ्यांना ‘रेवासागर’ आणि ते खोदणाऱ्यांना ‘भगीरथ कृषक’ असे नाव मिळाले. उताराचा अंदाज, पाण्याचा हिशेब, कर्जाचा धोका, हे काय अडाण्याचे काम आहे?

मग त्याच तळ्याकाठचा मुलगा इंदूरला भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची वर्षे का मोजतो? कारण घरात त्याने एकच वाक्य ऐकलेले असते : “शेतकऱ्याला मुलगी कोण देणार?”

मीही निर्दोष नाही. फळ्यावर ‘उत्तम शेती’चा सुविचार मीच लिहितो. पण मुलीसाठी स्थळे पाहताना माझा पहिला प्रश्न होता : “नोकरी कायम आहे ना?” मुलगी तेव्हा दाराशीच उभी होती. तिने माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरलेलो नाही.

नोकरी वाईट नव्हे. मी आयुष्यभर पगारच खाल्ला. पण भीतीला ‘संस्कार’ म्हणणे आता पुरे. वाचकहो, मुले सुविचार वाचून शिकत नाहीत. पाहुण्याला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, ते ऐकून शिकतात. यंदा निकालानंतर माझ्या खोलीत या, अवश्य या. मात्र पहिल्यांदा मुलगा बोलेल.