खुणा दाखवा, उंबरठे नव्हेत

लोकांनी रचलेल्या नकाशाचे रिद्धपूरला अप्रूप वाटण्याचे कारण नाही. श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधरस्वामी यांचे जेथे जेथे वास्तव्य झाले, त्या जागांची दिशांसह आणि खुणांसह नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’त करून ठेवली. ते काम कोणा सुलतानाच्या मोजणीदारांचे नव्हते. पायी हिंडणाऱ्या भक्तांचे होते. पण याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून परक्या दृष्टीपासून राखलेही. काय दाखवावे आणि काय झाकावे, याचे भान त्या निःसंग साधकांना होते. हाती स्मार्टफोन असलेल्या आजच्या पिढीला ते आहे काय?

संगणकावरील लोकनिर्मित नकाशांचा उपयोग नाकारणे करंटेपणाचे ठरेल. २०१५ च्या नेपाळ भूकंपात ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि वस्त्या रेखाटल्या, मदतपथकांना त्याच नकाशांनी वाट दाखविली. वऱ्हाडातील पांदण रस्ता, गावविहीर, पुरात बुडणारा पूल हे गावकऱ्यांवाचून कोण सांगणार?

प्रश्न पुढे सुरू होतो. गुगलने २०१३ साली भारतात ‘मॅपेथॉन’ नामक स्पर्धा भरविली. बक्षिसांच्या आमिषाने आपल्याच नागरिकांकडून आपल्याच देशाचा तपशील फुकटात भरून घेतला. १७६७ पासून या भूमीची मोजणी करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली, खासदार तरुण विजय यांनी आवाज उठविला, २०१४ मध्ये सीबीआयने प्राथमिक चौकशी आरंभली. २०१७ साली गुगलचा ‘मॅप मेकर’ बंद झाला; लोकांनी घातलेली भर मात्र कंपनीच्याच पदरी राहिली!

सरकारी उपाय तरी कसा? २०१६ च्या विधेयकाच्या मसुद्यात सात वर्षांपर्यंत कारावास आणि शंभर कोटींपर्यंत दंड. देवळाची वाट दाखविणारा भाविक आणि लष्करी तळ टिपणारा हेर एकाच तराजूत! तो मसुदा बारगळला हे बरे झाले. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्वपरवानगीचा जाच काढला आणि अतिसूक्ष्म मोजणी भारतीय संस्थांपुरती राखली, हे योग्यच.

परंतु राष्ट्राची गुपिते राखण्याच्या चर्चेत घराचा उंबरठा विसरला गेला. ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या अॅपवरील धावण्याच्या रेषांतून २०१८ साली लष्करी तळ उघडे पडले. जे सैनिकांच्या बाबतीत घडले, ते पहाटे एकटी फिरायला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत घडणार नाही, असे कोण म्हणेल? नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला खरा. पण व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लागूच होत नाही. हौसेने नकाशावर ‘आमचे घर’ अशी खूण करणाऱ्यास हे ठाऊक असते काय?

रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पोथी हाती घेऊन प्रत्येक स्थान खुल्या नकाशावर आणावे, मूळ नोंदी विद्यापीठाच्याच ताब्यात ठेवाव्यात. ओट्याची दिशा लिहावी, जवळची वाट लिहावी. शेजारच्या घरात कोण राहते, ते घर केव्हा बंद असते, हे लिहू नये. आणि स्थान कोणाच्या अंगणात असेल, तर त्या घरच्यांना विचारल्याविना छायाचित्रही चढवू नये.