उगवतें राष्ट्र आणि महासत्तापद

चार सुशिक्षित माणसें एका बैठकींत जमलीं, चहा झाला आणि वर्तमानपत्र उलगडलें गेलें, कीं हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो : आपला देश महासत्ता होणार कीं नाहीं? तरुण मंडळी लोकसंख्या, कारखाने, अग्निबाण व परकीय भांडवल यांचे आंकडे पुढें करून ‘होणारच’ म्हणून सांगतात. वडील मंडळी गल्लींतल्या तुंबलेल्या गटाराकडे बोट दाखवून मान हालवितात. दोन्ही पक्ष भविष्याविषयीं बोलत असल्यामुळें वाद कधींच मिटत नाहीं. अशा वेळीं भविष्य क्षणभर बाजूस ठेवावें आणि ज्या राष्ट्रानें हा प्रयोग शंभर-सव्वाशें वर्षांत दोनदां करून पाहिला, त्याचा जमाखर्च तपासावा, हें आम्हांस अधिक फलदायी वाटतें. तें राष्ट्र म्हणजे जपान.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. ज्या इंग्रजी शब्दासाठीं आपण ‘महासत्ता’ असें म्हणतों, तो आजच्या अर्थानें रूढ केला विल्यम फॉक्स या अमेरिकन पंडितानें, १९४४ सालीं. राष्ट्र नुसतें बलाढ्य असून भागत नाहीं. तें बळ पृथ्वीच्या दूरदूरच्या भागांत नेऊन चालवितां आलें पाहिजे, असा त्याच्या विवेचनाचा आशय. या कसोटीस उतरणाऱ्या सत्ता त्यानें तीनच मोजल्या : अमेरिका, सोव्हिएट रशिया आणि ब्रिटिश साम्राज्य. त्यांतील ब्रिटनचा मान १९५६ च्या सुवेझ प्रकरणांत गळाला आणि सोव्हिएट संघ १९९१ सालीं नकाशावरूनच पुसला गेला. म्हणजे जें पद मिळविण्यासाठीं एवढा खटाटोप, तें मिळालेल्या तिघांपैकीं दोघांस अर्धशतकहि टिकवितां आलें नाहीं. एवढें ध्यानांत ठेवून जपानकडे वळूं.

१८५३ सालीं अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन एडोच्या, म्हणजे आजच्या टोकिओच्या, उपसागराच्या तोंडाशीं येऊन उभा राहिला. दोनशेंहून अधिक वर्षें परकीयांस जवळजवळ बंद असलेलें दार त्या धाकानें उघडलें. १८६८ च्या क्रांतीनंतर नवे राज्यकर्ते आले. त्यांतील कित्येक प्रमुख पुरुष १८७१ सालीं जहाजांत बसून अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघाले व जवळजवळ दोन वर्षें शाळा, गिरण्या, तुरुंग आणि पार्लमेंटें पाहत हिंडले. ते बाहेर असतांनाच, १८७२ सालीं, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. गांवांत अशिक्षित घर व घरांत अशिक्षित माणूस उरूं नये, असा त्याचा हेतु होता. शेतकऱ्यांस हें प्रथम रुचलें नाहीं. शाळेच्या खर्चाचा भार त्यांच्यावरच पडे, म्हणून कांहीं ठिकाणीं त्यांनीं शाळाच जाळल्या. आरंभीं शंभरांतील तीस मुलेंहि शाळेंत नव्हतीं. १९१० च्या सुमारास पंचाण्णवांहून अधिक होतीं.

या शाळांतून निघालेल्या पिढीनें १९०५ सालीं रशियास हरविलें. त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत दर्यासारंग टोगो यानें रशियाचें आरमार बुडविल्याची वार्ता आली तेव्हां हिंदुस्थानांतील सुशिक्षितांस जणूं आपल्याच घरीं पुत्रजन्म झाला असें वाटलें. आशियांतील एक राष्ट्र युरोपांतील बड्या राष्ट्रास नमवूं शकतें, हें प्रथमच दिसत होतें. मात्र त्या विजयाची एक बाजू फारशी कोणीं पाहिली नाहीं. ती एका माणसाच्या चरित्रांत स्पष्ट दिसते.

ताकाहाशि कोरेकियो हा १८५४ सालीं जन्मला व हलक्या दर्जाच्या एका सामुराई घराण्यांत दत्तक गेला. पोरवयांत शिकण्यासाठीं अमेरिकेस गेला असतां, न समजतां सही केलेल्या करारानें तो तेथें चाकरीस विकला गेला. त्यांतून सुटून, पडत-धडपडत तो बँक ऑफ जपानच्या उपप्रमुखाच्या जागेपर्यंत चढला. १९०४ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां कर्जरोखे विकण्यासाठीं त्यास लंडनला धाडण्यांत आलें. तेथें त्याची गांठ न्यूयॉर्कचा सावकार जेकब शिफ याच्याशीं पडली. झारच्या राज्यांत होणाऱ्या ज्यूंच्या छळामुळें शिफ रशियावर चिडलेला होता. त्यानें मोठी रक्कम उभी करून दिली. टोगोच्या तोफा या उसन्या पैशांवर चालल्या होत्या. म्हणूनच जिंकूनहि जपानला तह घाईनें करावा लागला व रशियाकडून युद्धखर्चाचा एक पैसाहि मिळाला नाहीं. टोकिओंत लोकांनीं दंगे केले. विजयाची बातमी त्यांस सांगितली होती. तिजोरी रिती झाल्याची कोणीं सांगितली नव्हती.

हिशेब न सांगण्याची ही खोड पुढें महाग पडली. १९१० सालीं कोरिया गिळला, १९३१ सालीं मांचुरिया घेतला, १९३३ सालीं राष्ट्रसंघ सोडला. ताकाहाशि मधल्या काळांत पंतप्रधान होऊन गेला होता. १९३१ च्या अखेरीस तो पुन्हां अर्थमंत्री झाला, त्यानें येन हें चलन सोन्यापासून सोडविलें, आणि जागतिक मंदींतून लवकर सावरलेल्या देशांत जपानची गणना होऊं लागली. प्रथम त्यानें लष्करास हात सैल सोडून पैसा दिला, हेंहि खरें. परंतु पुढें देशास हा भार झेपणार नाहीं असें पाहून त्यानें हात आंखडला. १९३६ च्या फेब्रुवारीची २६ तारीख. पहाटे कांहीं तरुण लष्करी अधिकारी त्याच्या घरांत शिरले आणि एक्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्यास त्यांनीं अंथरुणांतच ठार केलें. ज्यानें पहिल्या विजयासाठीं पैसा उभा केला, तोच ‘आतां पुरे’ म्हणतांच मारला गेला.

त्यानंतर जमाखर्च दाखविण्यास कोणी धजला नाहीं. १९३७ सालीं चीनशीं सर्वंकष युद्ध जुंपलें. जपानला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं सुमारें चार पंचमांश अमेरिकेंतून येत असे. १९४१ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेनें तें बंद केलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जपानने आपल्या त्या तेलवाल्यावरच हल्ला चढविला. पुढील पावणेचार वर्षांची कथा सर्वांस ठाऊक आहे. सुमारें ३० लक्ष जपानी प्राणांस मुकले. चीनमध्यें मेलेल्यांची संख्या त्याहून कित्येक पट होती. तलवारीनें महासत्ता होण्याचा पहिला प्रयोग हिरोशिमा आणि नागासाकीच्या राखेंत संपला.

दुसरा प्रयोग पैशाचा. शहरें जळलीं तरी शाळांनीं घडविलेला कारागीर, इंजिनिअर व शिक्षक मागें उरला होता. नव्या घटनेनें युद्धाचा हक्क सोडलेला, संरक्षणाची हमी अमेरिकेची. त्यामुळें मिळकत कारखान्यांत घालतां आली. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना १९६० सालीं जाहीर झाली. तें सुमारें सात वर्षांतच साधलें. १९६४ च्या ऑक्टोबरांत टोकिओंत ऑलिंपिक भरलें व त्याच महिन्यांत टोकिओ-ओसाका अतिवेगवान आगगाडी धांवूं लागली. १९६८ सालीं पश्चिम जर्मनीस मागें टाकून जपान उत्पन्नांत अमेरिकेच्या खालोखाल येऊन बसला. कम्युनिस्ट देश तेवढे या गणनेबाहेर होते. १९७९ सालीं एझ्रा व्होगेल या अमेरिकन प्राध्यापकानें आपल्या ग्रंथास जपानला पहिला क्रमांक देणारें नांव ठेविलें, आणि तो जपानांत हातोहात खपला.

पण संरक्षण ज्याच्या हातीं, त्याचा शब्द मोडतां येत नाहीं. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत पांच राष्ट्रांचा करार झाला आणि डॉलरची किंमत सुमारें २४० येनांवरून तीन वर्षांत १३० च्या आसपास आली. निर्यात बसूं नये म्हणून जपानांत व्याजाचे दर उतरविले गेले. स्वस्त झालेला पैसा जमिनींत आणि शेअरबाजारांत शिरला. टोकिओच्या राजवाड्याच्या आवाराची किंमत साऱ्या कॅलिफोर्निया संस्थानाहून अधिक आहे, असें त्या वेळीं लोक सांगत. १९८९ च्या डिसेंबरअखेर बाजाराचा निर्देशांक ३८,९१५ वर गेला व तेथून जो कोसळला तो त्या उंचीवर परत आला २०२४ च्या फेब्रुवारींत, म्हणजे चौतीस वर्षांनीं. मध्यंतरीं १९९१ च्या आखाती युद्धांत जपानने सुमारें १३०० कोटी डॉलर दिले. मुक्त झालेल्या कुवेतनें अमेरिकन वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली, तींत जपानचें नांव नव्हतें. २०१० सालीं चीन पुढें गेला, २०२३ सालीं जर्मनी.

आतां या जमाखर्चाचा अर्थ काय? मागासलेलें राष्ट्र वर येऊं शकतें काय, या प्रश्नास जपानने दोनदां ‘होय’ असें उत्तर दिलें. आणि दोन्ही वेळां तें एकाच साधनानें दिलें : शिकलेला, निरोगी, हाताचा कुशल असा सामान्य माणूस. महासत्ता होतां येतें काय, हा प्रश्न मात्र वेगळा. त्यास विस्तीर्ण भूमि लागते, स्वतःचें धान्य व तेल लागतें, इतर राष्ट्रांची मान्यता लागते, आणि प्रतिस्पर्धी आपापसांत लढून थकले पाहिजेत असा काळहि लागतो. अमेरिकेचेंच पहा. उत्पन्नांत ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच जगांत पहिली झाली होती. महासत्तापद तिच्याकडे आलें तें पुढें अर्ध्या शतकानें, दोन महायुद्धांत युरोप झिजल्यानंतर. म्हणजे उत्कर्ष बराचसा आपल्या हातीं असतो, महासत्तापद बव्हंशीं नसतें. जें हातीं नाहीं त्याचा हव्यास धरला कीं जें हातीं आहे तेंहि जातें. जपानच्या पहिल्या प्रयोगांत त्या सुशिक्षित पिढीचींच मुलें बंदूक देऊन पाठविलीं गेलीं.

कोणी म्हणतील, जपान लहान. आपण विस्तारानें मोठे, आणि २०२३ पासून लोकसंख्येंत जगांत पहिले. आक्षेप रास्त आहे. आकाराची जी उणीव जपानला नडली ती आपणांस नाहीं. चीनलाहि नाहीं, आणि त्याचा प्रयोग अजून चाललेला आहे. पण आकार हा गुणाकारांतील एक अंक आहे. दुसरा अंक लहान असला तर गुणाकारहि लहानच येतो. डॉलरांत मोजलें तर आपल्या माणसाचें सरासरी उत्पन्न जपानी माणसाच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी आहे. शिवाय काळाचा हिशेब आहे. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लक्षांवर पोहोंचून उतरणीस लागली. आज तेथें दहांतील जवळजवळ तीन माणसें पासष्टीपुढचीं आहेत. तरुण मनुष्यबळ हें कोणत्याहि राष्ट्रास एकदांच लाभणारें धन आहे. जपान म्हातारा झाला तो श्रीमंत झाल्यावर. आपण श्रीमंत होण्यापूर्वींच म्हातारे झालों तर आज मिरविलेले आंकडे आपल्या नातवंडांच्या कामास येणार नाहींत.

दोन्ही प्रयोग फसले, पण जपानजवळ कांहींच उरलें नाहीं असें नव्हे. तेथें जन्मणारें मूल सरासरीनें चौऱ्याऐंशींच्या आसपास वर्षें जगेल अशी अपेक्षा धरतां येते, आणि जगांत फार थोड्या देशांस हें साधलें आहे. लहान मुलें एकटीं पायीं शाळेंत जातात व आगगाडी वेळेवर येते. महासत्तेच्या यादींत नांव नाहीं म्हणून तेथील एखाद्या आईस झोंप येत नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं आपल्याच घरची एक गोष्ट. टोगोच्या विजयानें आपल्याकडील पुष्कळांचे डोळे दिपले असतां एका माणसानें जपानकडे निराळ्या नजरेनें पाहिलें. अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं टोकिओच्या महिला विद्यापीठाची एक छोटी माहितीपुस्तिका आली. १९०१ सालीं निघालेल्या त्या संस्थेची हकीकत वाचून त्यांनीं १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं तें उभेंहि केलें. टोगोचीं बहुतेक जहाजें केव्हांच नाहींशीं झालीं. अण्णासाहेबांच्या विद्यापीठांत आजहि मुली शिकत आहेत. जपानकडून काय घ्यावें याची निवड तेव्हां आमच्या वडील पिढीपुढें होती, ती आज आमच्यापुढें आहे.

तेव्हां पुढील बैठकींत हा वाद निघाल्यास वाचकांनीं दोन प्रश्न विचारून पाहावे. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईची मुलगी कितव्या इयत्तेंत आहे? आणि ‘हा खर्च आपणांस झेपणार नाहीं’ असें सांगणाऱ्या माणसाचें आपण ऐकून घेतों, कीं त्यास देशद्रोही ठरवितों? या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक येऊं लागलीं, म्हणजे तिसरा प्रश्न जगास खुशाल ठरवूं द्यावा.