इंग्रजी क्रियापदाचे शेपूट आणि मराठी अनुवाद

अनुवादाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट आम्हांला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. विद्यार्थी अवघड शब्दांपाशी फारसे अडत नाहीत. त्यांच्यासाठी शब्दकोश असतो. ते घसरतात सोप्या शब्दांपाशी. 'सिट डाउन'चे 'खाली बसा' होते, 'राइट डाउन'चे 'खाली लिहा' होते. मराठीत 'खाली बसा' म्हणजे जमिनीवर बसा. खुर्चीकडे बोट दाखवून कोणी असे म्हटले तर पाहुणा गोंधळून जाईल. ही चूक विद्यार्थ्यांची कमी आणि आपल्या अध्यापनाची अधिक, असे आमचे मत आहे. इंग्रजी वाक्यात क्रियापदामागून जे लहान शब्द येतात, त्यांचा विचार मराठीच्या वर्गात होतच नाही.

मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि स्थळ, काळ, रीत यांचा सारा परिवार त्याच्या आधी येऊन बसतो. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येते आणि परिवार मागून चालतो. पण हा केवळ क्रमाचा भेद नाही. रोजच्या इंग्रजीत अर्थाचा मोठा भार या मागून येणाऱ्या शब्दांवरच असतो. 'गिव्ह' म्हणजे देणे. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह आउट' म्हणजे वाटणे किंवा संपून जाणे. मुख्य क्रियापद तेच. अर्थ बदलला तो शेपटाने.

हे शेपूट नेहमी एकाच जातीचे नसते, हेही विद्यार्थ्यांना दाखवायला हवे. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही वाक्ये वरवर जुळी दिसतात. पहिल्यात 'अप' टेकडीशी बांधलेले आहे: तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात ते क्रियापदाशी बांधलेले आहे: त्याने बिल वाढवून ठेवले. म्हणून 'अप द हिल ही रॅन' असे म्हणता येते. 'अप द बिल ही रॅन' असे म्हणता येत नाही. आपल्याला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. 'घराबाहेर गेला' यातले 'बाहेर' शब्दयोगी अव्यय आणि 'बाहेर गेला' यातले क्रियाविशेषण, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो.

परकीयांना हे शब्द जड जातात, हे इंग्रजांनाही जुने ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आणि परकीयांची सर्वांत मोठी अडचण येथे असते, असे नोंदवले. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा रूढ झाली ती मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकानंतर.

मग या शेपटाला मराठीत काय म्हणावे? आमचे म्हणणे असे की त्याचे उत्तर बहुधा क्रियाविशेषणात सापडत नाही, दुसऱ्या क्रियापदात सापडते. 'रन अवे' म्हणजे पळून जाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. इंग्रजी जे काम 'अवे', 'अप', 'आउट' यांच्याकडून करून घेते, ते मराठी जाणे, टाकणे, काढणे यांच्यावर सोपवते. व्याकरणाच्या तासाला आपण संयुक्त क्रियापदे शिकवतो, अनुवादाच्या तासाला इंग्रजी वाक्प्रयोग शिकवतो; दोन्ही तासांची गाठ मात्र कधी घालून देत नाही.

प्रवासाच्या वर्णनात हे अधिक स्पष्ट दिसते. 'ही रॅन आउट ऑफ द हाउस, अक्रॉस द ब्रिज अँड इन्टू द फील्ड्स' या वाक्यात क्रियापद एकच आहे, 'रॅन'. बाकी सारी वाट लहान शब्दांनी आखली आहे. मराठीत ते वाक्य असे होईल: 'तो धावत घराबाहेर पडला, पूल ओलांडला आणि शेतात शिरला.' पडला, ओलांडला, शिरला अशी तीन क्रियापदे आली आणि धावणे 'धावत' या रूपात बाजूला सरकले. गतीची दिशा काही भाषा क्रियापदात ठेवतात, काही त्याच्या सोबतच्या शब्दात, हा भेद लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये सविस्तर मांडला. या बाबतीत मराठी बव्हंशी पहिल्या गटासारखी वागते.

साहित्याच्या अभ्यासकाला यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटावी. 'शी वॉक्ड इन्टू द रूम' या वाक्यात निवेदक कोठे उभा आहे, हे कळत नाही. मराठीत मात्र 'ती खोलीत आली' की 'ती खोलीत गेली', हे ठरवावेच लागते. 'आली' म्हटले की आपण खोलीत आहोत. 'गेली' म्हटले की बाहेर. म्हणजे मूळ लेखकाने मोकळा ठेवलेला दृष्टिकोन अनुवादक एका क्रियापदाने बांधून टाकतो. हा निर्णय नकळत झाला तर कथेचे केंद्रच हलते.

यावर आक्षेप येईल की संयुक्त क्रियापद म्हणजे शेपटाचा नेमका पर्याय नव्हे. आक्षेप रास्त आहे. 'राइट डाउन' एकच. मराठीत कोणी सांगितलेले आपण लिहून घेतो, पुढे उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवतो, दुसऱ्यासाठी लिहून देतो आणि राहिलेले काम लिहून काढतो. कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या मनाने, हे आपले दुसरे क्रियापद सांगते. 'बोलून टाकले' यात सुटका आहे, 'बोलून बसलो' यात पश्चात्ताप. पण या आक्षेपातून निष्पन्न होते ते इतकेच की येथे यांत्रिक तक्ता चालणार नाही, प्रसंग वाचावा लागेल. अनुवाद शिकवायचा तो यासाठीच.

विद्यार्थी आज जो दुसरा मार्ग धरतात, तो अधिक घातक आहे. 'गिव्ह अप'साठी 'परित्याग करणे', 'फाइंड आउट'साठी 'शोध प्राप्त करणे' असे काही लिहिले की भाषा भारदस्त झाली, असा समज आहे. इंग्रजीत 'पुट ऑफ' घरातले आणि 'पोस्टपोन' कचेरीतले असते. लेखकाने घरातला शब्द योजला असताना अनुवादाने कचेरीतला देणे ही मुळाशी अप्रामाणिकता आहे. साध्या क्रियापदाच्या जागी नाम आणि एखादे सर्वकामी क्रियापद जोडण्याच्या खोडीवर जॉर्ज ऑरवेलने 1946 च्या निबंधात टीका केली होती. ती आपल्या 'करणे'-प्रधान गद्यालाही तंतोतंत लागू पडते. कथेतली स्वयंपाकघरातली बाई 'परित्याग' करू लागली की अनुवादात ती बाई उरतच नाही.

म्हणून एक साधी सूचना. अनुवादाच्या तासाला इंग्रजी उताऱ्यातील क्रियापदांच्या मागून येणारे शब्द प्रथम अधोरेखित करून घ्यावेत. प्रत्येकापाशी तीन प्रश्न विचारावेत: हा शब्द नामाशी बांधला आहे की क्रियापदाशी? मराठीत याचे काम कोणते दुसरे क्रियापद करील? आणि ते योजताना आपण निवेदकाला कोठे उभे करतो आहोत? त्यानंतरच शब्दकोश उघडावा. परीक्षेतही अवघड शब्दांच्या अर्थांना जितके गुण ठेवतो, तितके या सोप्या शब्दांना ठेवावेत. गुण असले की विद्यार्थी तिकडे पाहतात, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे.